भावोजींच्या पायथ्याचा पंप

९ जानेवारी

पेन्सिल,

आधी मी हातानं केलेल्या वस्तू सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना "मामाला काय कळतंय" असं तुझ्या मनात यायला नको.

माझ्या दुरुस्तीच्या दुकानाशेजारच्या घड्याळजीला ऐकू येत नाही, म्हणून त्याच्यासाठी केलेली घंटा: दारावरचं बटण दाबलं की त्याच्या टेबलावरचा दिवा लुकलुकतो. शाळेचे तास देणारं यंत्र. शिपाई दांडी मारतो, यंत्र मारत नाही. बेकरीच्या भट्टीचं तापमान सांभाळणारा डबा, ज्यात पीठ शिरू नये म्हणून झाकणाच्या कडेला मी सायकलच्या ट्यूबची पट्टी बसवली आहे. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा तुझ्या आईच्या गच्चीवरचा बोर्ड. अंडी उबवायची पेटी. तारा बोर्डाला जोडायचं माझं सोल्डरिंगचं स्टेशन, कारण बाजारात मिळतं त्याचं टोक कधी तापतं आणि कधी रुसतं. ह्या प्रत्येकात नखाएवढी एक चिप आहे. तिच्यातला प्रोग्रॅम माझा, बोर्ड मी कोरलेला, भोकं मी पाडलेली, आणि प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आत सर्किटचा नकाशा मी माझ्या अक्षरात काढून चिकटवलेला. उद्या मी नसलो तर दुसऱ्याला दुरुस्त करता यावं म्हणून. कॉलेजचं तोंड मी पाहिलेलं नाही. चिपबरोबर येणारी माहितीपत्रकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली, तेवढंच माझं शिक्षण.

आता मुद्दा. तुझे बाबा ज्या हवेच्या गादीवर झोपतात तिचा पंप परवा बंद पडला. पंप तुझ्याच कंपनीचा. पडद्यावर "ई-सात" आणि पुढे काही नाही. डावं अंग लुळं पडल्यापासून भावोजींना स्वतःहून कूस बदलता येत नाही. गादीचे एक-आड-एक कप्पे आळीपाळीनं फुगतात आणि बसतात, म्हणून तर अंगाला जखमा होत नाहीत. पण हे मी तुला काय सांगतोय, तुम्हीच लोक ते विकता.

तुमच्या मदत क्रमांकावर फोन केला. आधी यंत्राशी बोललो, मग बराच वेळ संगीत ऐकलं, मग एक मुलगी आली.

"सर, बंद करून पुन्हा चालू करून पाहिलंत का?"

"बाई, मी उघडून पाहिलंय."

"सर, उघडल्यास वॉरंटी जाते."

"आणि पेशंट गेला तर?"

"सर, त्यासाठी वेगळा विभाग आहे."

इंजिनिअर यायला आठ दिवस लागतील म्हणाली. तोवर साठी उलटलेली तुझी आई भावोजींना दर दोन तासांनी कुशीवर वळवत बसणार, आणि तिची कंबर तुला ठाऊक आहे.

उघडून काय सापडलं ते ऐक. मोटर उत्तम. पंप उत्तम. व्हॉल्व्ह उत्तम. बोर्डावर आठवणीची एक बारकी चिप आहे, ती वाचली, तर आत तासांचा आकडा. दोन हजार तास भरले की यंत्र थांबतं आणि तुमच्या माणसानं येऊन ते सोडवेपर्यंत हलत नाही! काही बिघडलेलंच नाही. त्यानं फक्त तास मोजले आणि संप केला. मी आकडा शून्य केला, चाललं. तिथे थांबता आलं असतं. पण ज्याला संपाची सवय आहे त्याच्या जिवावर मी भावोजींना ठेवणार नाही. तुमचा बोर्ड काढून माझा बसवला. हिरवा दिवा छान तेवतोय.

फोनवर तू "हो मामा, हो मामा" करतेस आणि पुढे काही होत नाही, म्हणून हे कागदावर. तुमचा काढलेला बोर्ड सोबत कुरिअरनं पाठवतोय. हे तास मोजायचं कुठल्या गाढवाच्या डोक्यातून निघालं, तेवढी ऑफिसात चौकशी करून कळव.

मामा

&nbsp;

१७ जानेवारी

मामा,

चौकशी केली. ते गाढव माझ्याच टेबलाशी माझ्याच खुर्चीत बसतं.

आता तू कपाळाला हात लावला असशील. लाव आणि पुढे वाच. पंपाच्या पाठीला हवेची जाळी आहे ना, ती कोणीही साफ करत नाही. कोणीही म्हणजे कोणीही. मग धूळ बसते, मोटरला हवा मिळत नाही आणि ती तापते. आमच्या चाचणीत एका पंपाची पेटी मेणासारखी वितळली. ती कोणाच्या पलंगाला टांगलेली असती तर? म्हणून मी तास मोजले. माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन हजार तासांनी फक्त एक पिवळा दिवा लागायचा होता: "जाळी साफ करा." एवढंच. विक्री विभागानं तो वाचला आणि पिवळ्याचं कुलूप झालं. त्या मीटिंगमध्ये मी बोलले. माझं बोलणं टिपणात घेतलं आणि टिपण कपाटात गेलं.

पण मामा, तू मला एक फोन तरी करायचास! सोडवायचा कोड मी पाच मिनिटांत दिला असता. त्याऐवजी तू बोर्ड उपटलास. वॉरंटी गेली, ते जाऊ दे. बाबांच्या गादीला आता जो बोर्ड आहे तो जगात फक्त एका माणसानं तपासलेला आहे, आणि तो माणूस तू आहेस.

मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय. गादीत हवा पोचली हे तुझ्या बोर्डाला कसं कळतं?

पेन्सिल

&nbsp;

२५ जानेवारी

पेन्सिल,

गाढव म्हटलं ते मागे घेत नाही, पण आवाज खाली आणतो.

जाळीचं म्हणशील तर दर रविवारी मी स्वतः येऊन ती ब्रशनं साफ करतो. त्यासाठी मला तास मोजायला लागत नाहीत, रविवार आला की कळतं. आणि फोनचं म्हणशील तर मागच्या वेळी तू मीटिंगमध्ये होतीस, त्याआधी मीटिंगमध्ये होतीस, आणि त्याच्या आधी तर मीटिंगची मीटिंग होती.

काल ताईच्या घरात सहज मोजत बसलो. फ्रिजमध्ये एक चिप, धुलाईयंत्रात दोन, पाणी तापवायच्या यंत्रात एक, रिमोटात, दाराच्या कुलपात, रक्तदाब मोजायच्या पट्ट्यात, भावोजींच्या पलंगाचं डोकं वर-खाली करणाऱ्या बटणात. इस्त्रीतसुद्धा! बावीसवर पोचल्यावर सोडून दिलं. घरात माणसं दोन आणि डोकी बावीस. आणि त्या बावीसांतलं एकही माणसाशी धड बोलत नाही. नुसतं पीं पीं करतं. धुलाईयंत्र कपडे झाले की पीं करतं, फ्रिज दार उघडं राहिलं की पीं करतो, पट्टा उगाचच पीं करतो, आणि तुझी आई दर पींला उठून प्रत्येकाच्या पाया पडल्यासारखी सगळ्या खोल्या फिरते. माझ्या बोर्डाला मी पीं ठेवलेलंच नाही. शांतपणे काम करतो.

भावोजी मजेत आहेत. बोलणं अजून जड आहे, पण टोमणे स्पष्ट येतात. जन्मभर बस चालवली, त्यामुळे पंपाच्या आवाजावरून मला शेरे मारतात. परवा म्हणाले, "मेव्हण्या, तुझं इंजीन बरंय, पण रस्ता खराब आहे. आज सारखे खड्डे लागतायत." मी म्हटलं, "रस्त्याचं काम माझ्याकडे नाही, नगरपालिकेकडे जा." ताई इतकी हसली की चहा सांडला.

तर तिकडची काळजी सोड, इकडचं सगळं ठीक आहे.

मामा

&nbsp;

१ फेब्रुवारी

मामा,

माझ्या प्रश्नाचं उत्तर तू दिलेलं नाहीस. इस्त्रीतली चिप मोजलीस, पण ते नाही दिलंस.

पेन्सिल

&nbsp;

७ फेब्रुवारी

पेन्सिल,

उत्तर: हिरवा दिवा.

मामा

&nbsp;

२२ फेब्रुवारी

मामा,

शनिवारी मी घरी येऊन गेले. दुकानात आले नाही. आले असते तर घड्याळजीलासुद्धा ऐकू गेलं असतं असं काहीतरी बोलले असते, म्हणून स्टेशनवरून सरळ घरी आणि घरून सरळ स्टेशन. आईलाही सांगितलं होतं की तुला कळवू नकोस. आता शांत झालेय असं समजून लिहितेय. झालेली नाहीये.

बाबांची डावी टाच लाल-जांभळी पडली आहे. ड्रेसिंग करायला येणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "अजून कातडी फुटलेली नाही, पण फुटायच्या बेतात आहे. आणि साखर असलेल्या माणसाची टाच फुटली की ती भरायची वाट बघत बसावं लागतं. कधी कधी पाय जातो." हे त्या अगदी सहज म्हणाल्या, बँडेज कापता कापता. आई दाराशी उभी होती.

मी गादीवर हात दाबत गेले. एक कप्पा टणक, पुढचा सपाट. टणक, सपाट, टणक, सपाट. थांबले. टणक होते ते बसले, आणि सपाट होते ते सपाटच राहिले. कप्प्यांचा एक संच फुगतच नव्हता, मामा. म्हणजे अर्धा वेळ बाबा फळीवर झोपत होते. दोनातली एक नळी पलंगाच्या लोखंडी पट्टीत सापडून दुमडली होती. डोक्याकडची बाजू बटणानं वर केली की पट्टी खाली येते आणि नळी चिमटते. आणि हे सगळं चालू असताना तुझा हिरवा दिवा छान तेवत होता.

मी झाकण उघडलं. आत तुझा नकाशा. तुझं ते टोकदार अक्षर, प्रत्येक तारेला रंग लिहिलेला, कोपऱ्यात तारीख. मला वाचायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दिव्याची तार चिपच्या त्याच पायाला जाते जिथून पंपाला हुकूम जातो. म्हणजे दिवा एवढंच सांगतो की चिपनं "हवा सोड" म्हटलं. हवा गेली का, कुठे गेली, पोचली का, हे त्याला माहीतच नाही. तू हुकूम देतोस, मग तूच दिवा लावतोस, आणि मग दिवा लागला म्हणून तुझंच समाधान होतं!

आणि बाबा तुला सांगत होते. "रस्ता खराब आहे, सारखे खड्डे लागतायत." डाव्या अंगाला त्यांना काही कळत नाही, पण उजव्या अंगाला कळत होतं, आणि ते त्यांना येतं त्या भाषेत सांगत होते. तुम्ही सगळे हसलात. मीही तुझं पत्र वाचून हसले होते.

आमचा पंप असता तर नळी दुमडल्याबरोबर त्यानं बोंब मारली असती, हे मी आता लिहिणार होते. पण खरं सांगायचं तर आमचा पंप त्या दिवशी कुलपात असता. दोघेही नालायक.

नळी सरळ करून पट्टीपासून दूर बांधली आहे. दर चार तासांनी कप्पे हातानं दाबून बघायला आईला शिकवलंय. हे आता साठी उलटलेल्या बाईनं करायचं, आणि तेही घरात बावीस चिपा असताना.

पेन्सिल

&nbsp;

२ मार्च

पेन्सिल,

चूक माझी. दिवा चुकीच्या ठिकाणी जोडला. दुसऱ्या कोणाची नाही, पट्टीचीही नाही.

तुझं पत्र आलं त्या दुपारी दुकान बंद करून ताईकडे गेलो. भावोजींना खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या जागी स्वतः गादीवर झोपलो. तू लिहिलंस तशी नळी मुद्दाम चिमटवली, डोळे मिटून पडून राहिलो. भावोजी खुर्चीतून बघत होते. थोड्या वेळानं म्हणाले, "काय मेव्हण्या, लागले का खड्डे?" लागले. एका खड्ड्यात माझी टाच बरोबर बसली. मी उठलो आणि त्यांची टाच हातात घेऊन पाहिली. त्यांनी पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण डावा होता. मग दुसऱ्याच पायानं मला ढकललं.

ह्यावर आणखी लिहीत नाही. आता काम.

हवेचा दाब मोजणारे सेन्सर मागवले आहेत, प्रत्येक नळीला एक. ते मी पंपाच्या तोंडाशी, पेटीच्या आत बसवतो. हुकूम सुटल्यावर ठरलेल्या वेळात दाब चढला तरच हिरवा, नाहीतर लाल. आणि लालबरोबर पीं. हो, पीं. पण धुलाईयंत्रासारखं रडकं नाही. बसच्या कंडक्टरची दुहेरी घंटी असते तसं, टिंग-टिंग. भावोजींना ओळखीचं वाटेल.

नवीन नकाशा सोबत आहे. परीक्षेचा पेपर तपासतात तसा तपास. लाल शाईनं.

मामा

&nbsp;

१२ मार्च

मामा,

लाल शाईनं तपासलाय. रागावू नकोस, पान जरा रक्तबंबाळ दिसेल.

पहिलं. सेन्सर पंपाच्या तोंडाशी लावलास तर नळी दुमडल्यावर हवा तिथेच कोंडेल आणि दाब उलट जास्त दिसेल. तुझा हिरवा दिवा आधीपेक्षाही आनंदानं लागेल! मोजायचं ते गादीच्या टोकाला. तिथून एक बारीक नळी परत पेटीपर्यंत आण आणि सेन्सर तिच्या तोंडाशी ठेव. गादीत खरंच काय आहे ते ती सांगेल.

दुसरं. तुझ्या चिपवर पहारेकरी चालू केलेला नाहीस. म्हणजे चिपमध्येच एक वेगळं घड्याळ असतं, त्याला प्रोग्रॅमनं सारखी हजेरी द्यायची. हजेरी चुकली, म्हणजे प्रोग्रॅम कुठेतरी अडकला, की पहारेकरी चिपला कानाला धरून पहिल्यापासून सुरू करतो. तू समासात लिहिलं आहेस, "माझा प्रोग्रॅम अडकत नाही." मामा, अडकेपर्यंत कोणाचाच अडकत नाही.

तिसरं. वीज गेली तर सांगणार कोण? एक छोटी बॅटरी घाल, फक्त टिंग-टिंगपुरती.

नकाशातली मोटरचं तापमान मोजायची तुझी कल्पना मात्र माझ्यापेक्षा चांगली आहे. मी तास मोजत बसले, तू सरळ तापलेपणा मोजलास. जाळी तुंबली तर मोटर तापणारच, मग तासांची गरजच नाही. हे मला सुचायला हवं होतं. हे वाक्य फ्रेम करून दुकानात लावू नकोस.

पेन्सिल

&nbsp;

११ एप्रिल

पेन्सिल,

फ्रेम केलेलं नाही. टाचणीनं लावलंय.

तुझ्या तिन्ही गोष्टी केल्या. परतीच्या नळीवर मी दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडलो, आणि मग चिमटा लावून पाहिलं तर तू म्हणालीस तसंच झालं. पहारेकरीही चालू केला. मुद्दाम प्रोग्रॅमला अडकवून बघितलं, कान धरतो की नाही. धरतो. समासातलं ते वाक्य खोडलं, पण खालचं वाचता येईल असं खोडलं. पुढे कोणी उघडलं तर त्यालाही कळू दे.

आता नळी दुमडली की पंप दोनदा टिंग करतो आणि भावोजी खोलीभर ऐकू जाईल असं ओरडतात, "थांबा! पुढे माणूस आहे!" ताई येऊन नळी सरळ करते. कप्पे हातानं दाबणं बंद झालं. टाच फुटली नाही. जांभळ्याची तांबडी झाली, तांबड्याची आता कातड्याच्या रंगाची होतेय. सिस्टर म्हणाल्या, "ही टाच राहिली म्हणायची." मग पेटी उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलं की त्यांच्या आणखी पाच पेशंटांच्या पंपांना असा बोर्ड बसेल का. पाचही पंप तुमच्या कंपनीचे, आणि त्यातले तीन संपावर. बसवले. प्रत्येकाच्या झाकणात नकाशा, त्यावर तुझ्या लाल शाईच्या दुरुस्त्यांसकट.

मामा

&nbsp;

३० एप्रिल

मामा,

तुला विचारल्याशिवाय एक गोष्ट केली आहे आणि आता ती माझ्या हातात राहिलेली नाही.

मीटिंगमध्ये तुझा नकाशा दाखवला. मला वाटलं, एकदा डोळ्यांनी पाहिलं की कुलूप काढतील. साहेबांनी पाच मिनिटं पाहिला आणि विचारलं, "हा माणूस कुठे बसतो?" कुलपाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ते पुढच्या आठवड्यात तुझ्याकडे येणार आहेत. करार घेऊन येणार आहेत. किती देणार ते मला सांगत नाहीत, मी भाची आहे म्हणून. मला एवढंच सांगितलं की मामा हो म्हणाला तर नवीन पंपाचं काम माझ्या हाताखाली येईल.

हे लिहिताना लाज वाटतेय, पण लिहिते. घे, मामा. तुझ्या दुकानाचा मालक गाळा विकायला काढतोय असं आई म्हणाली. तू तिला सांगितलंस आणि मला नाही. पंचवीस वर्षं ज्या जागेत बसलास तिथून तुला कोणी उठवू नये. आणि साहेबांसमोर यादी वाचू नकोस, घंटा, भट्टी, अंडी. त्यांना उबवायच्या पेटीत रस नाही. उलटं काही बोलायच्या आधी पाणी पी. किती म्हणाले ते मला कळव.

पेन्सिल

&nbsp;

१४ मे

पेन्सिल,

पाणी प्यायलो. त्यांनाही दिलं.

तुझे साहेब माणूस म्हणून वाईट नाहीत. दुकानात बसायला स्टूल एकच आहे, ते त्यांना दिलं, मी पेटीवर बसलो. बोर्ड हातात घेऊन त्यांनी नीट पाहिला. "सुबक आहे," म्हणाले. कोणी माझ्या सोल्डरला सुबक म्हटलं की मी विरघळतो हे तुला माहीत आहे. निम्मा विरघळलोच होतो. मग करार वाचायला घेतला. मी प्रत्येक कलम वाचतो आणि ते मोबाईल बघत बसतात, असं बराच वेळ चाललं.

"हे 'पेटी राळेनं भरण्यात येईल' म्हणजे काय?"

"काळी राळ ओततो आम्ही. बोर्ड आत बुडतो. पाणी, धूळ, काही जात नाही."

"माणसाचा हातही जात नाही."

"तोही फायदाच आहे."

"आणि झाकणातला नकाशा?"

"तो अर्थातच राहणार नाही."

"तास मोजणार?"

"ते धोरण आहे, त्यावर मी बोलू शकत नाही."

पुढचं कलम होतं की मी आजवर केलेले सगळे बोर्ड कंपनीला परत द्यायचे, सिस्टरच्या पाच पेशंटांचे आणि भावोजींच्या पायथ्याशी टांगलेलासुद्धा. बदल्यात भावोजींना जन्मभर नवा पंप फुकट. जन्मभर, पण दोन हजार-दोन हजार तासांच्या हप्त्यांनी.

मी उलटं बोललो नाही. यादीही वाचली नाही. मी फक्त त्यांना माझी चूक सांगितली. दिवा कुठे जोडला होता, टाच कशी झाली होती, आणि तू झाकण उघडून दोन मिनिटांत कसं ओळखलंस. म्हटलं, "साहेब, त्या पेटीत मी राळ ओतली असती तर आत काय चुकलंय ते माझ्या भाचीला दिसलं नसतं. दिवा हिरवाच राहिला असता आणि माझ्या मेव्हण्याचा पाय गेला असता. माझी हुशारी तुम्ही विकत घ्या, ना नाही. पण माझी चूक राळेखाली कुठे घालू? ती तर पुढच्या बोर्डातही असेल, कुठे ते मला आत्ता माहीत नाही, एवढाच फरक."

ते म्हणाले, "कंपनीत चुका तपासायला माणसं आहेत."

मी म्हटलं, "आहेत ना. त्यातली एक माझी पेन्सिल आहे. तिनं मीटिंगमध्ये तपासलं होतं, तुम्ही कपाटात ठेवलंत."

ह्यावर त्यांनी स्टूल मागे सरकवलं. दारापर्यंत जाऊन परत आले आणि आकडा वाढवला. मी पुन्हा नाही म्हटलं. मग गेले.

तुझी बढती माझ्यामुळे गेली. त्याचं मला वाईट वाटतं, आणि तू दोन महिने माझ्याशी बोलली नाहीस तरी मी समजेन. पण ते काम मिळालं असतं तर राळ ओतण्यावर देखरेख तुलाच करावी लागली असती, आणि तुझ्या लाल शाईवर काळं ओतताना तुला बघायची माझी तयारी नाही. गाळ्याचं म्हणशील तर मालकाशी बोलतोय. तो ऐकतो की नाही ते महिनाअखेरीस कळेल. नाही ऐकलं तर घड्याळजी म्हणतो की त्याच्या दुकानात खिडकीशी एक टेबल मावेल, फक्त मी फार बोलायचं नाही. बहिऱ्या माणसाची ही अट!

तू विचारलंस म्हणून रक्कम सांगतो, आणि ताईला सांगू नकोस, तिला रात्री झोप लागणार नाही. पहिल्यांदा अकरा लाख म्हणाले होते. दारातून परत आले तेव्हा जी देऊ केली आणि मी नाकारली ती चौदा लाख पंचाहत्तर हजार.

मामा